खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. फिनलंडमधील हेलसिंकी येथे १९५२ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट (५७ किलो) गटाचे कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट (५२ किलो) गटात ते सहावे आले होते. क्रीडाजगतात ते के. डी. जाधव या नावाने आणि लहान चणीमुळे 'पॉकेट डायनॅमो' या टोपणनावाने ओळखले जात.

जाधव यांच्या क्रीडाजीवनाचा पाया कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात पक्का झाला. दोन्ही ऑलिंपिकवारींचा खर्च क्रीडा संघटनांच्या नव्हे, तर संस्थानिक, प्राचार्य, गावकरी आणि दुकानदार यांच्या मदतीने उभा राहिला. त्यामुळे त्यांच्या पदकाकडे खेळाडूच्या वैयक्तिक यशाबरोबरच एका महाविद्यालयाच्या आणि एका मुलखाच्या सामूहिक प्रयत्नाचे फळ म्हणूनही पाहिले जाते.

अल्प परिचय

पूर्ण नाव: खाशाबा दादासाहेब जाधव
जन्म: १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, ता. कराड, जि. सातारा
मृत्यू: १४ ऑगस्ट १९८४
खेळ: कुस्ती (मुक्त शैली)
वजनगट: फ्लायवेट (१९४८), बँटमवेट (१९५२)
शिक्षण: टिळक हायस्कूल, कराड, राजाराम महाविद्यालय, कोल्हापूर
पेशा: पोलीस अधिकारी
ऑलिंपिक पदक: कांस्य, हेलसिंकी १९५२
प्रमुख पुरस्कार: शिवछत्रपती पुरस्कार (मरणोत्तर), अर्जुन पुरस्कार (मरणोत्तर)

प्रारंभिक जीवन

खाशाबा जाधव यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड शहरालगतच्या गोळेश्वर या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पंचक्रोशीत नावाजलेले मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात तालमीचे वातावरण असल्याने वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनीच त्यांना कुस्तीचे धडे दिले.

१९४० ते १९४७ या काळात कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. कुस्तीबरोबरच इतर मैदानी खेळांतही ते भाग घेत असत. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनाच्या वेळी ते शाळकरी वयाचे होते. सातारा जिल्हा तेव्हा भूमिगत चळवळीचे मोठे केंद्र बनला होता आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रतिसरकार उभे राहिले. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, ब्रिटिशविरोधी पत्रके वाटणे अशी कामे खाशाबांनी या काळात केली.

पार्श्वभूमी: कोल्हापूरची मल्लविद्या

जाधव यांच्या घडणीत कोल्हापूरचा वाटा समजून घेण्यासाठी तेथील कुस्तीपरंपरेकडे पाहावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) मल्लविद्येला राजाश्रय दिला, पेठापेठांतील तालमींना मदत केली आणि खासबाग हे कुस्तीचे भव्य मैदान बांधून घेतले. गोलाकार रचनेच्या या मैदानात मधोमध लाल मातीचा आखाडा असून चहूबाजूंनी चढत्या पायऱ्यांवर प्रेक्षक बसतात, त्यामुळे कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसते. भारताच्या निरनिराळ्या भागांतून मल्ल कोल्हापुरास येत व तेथेच राहून मेहनत करीत.

ऑलिंपिकशीही या भागाचा संबंध जुना आहे. १९२० साली अँटवर्प येथे झालेल्या स्पर्धेत भारताच्या वतीने रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे दोन मराठी मल्ल उतरले होते. त्यांपैकी शिंदे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळवला. तरीही पुढील अनेक वर्षे मातीतील कुस्ती आणि ऑलिंपिकमधील गादीवरची कुस्ती ही दोन स्वतंत्र विश्वेच राहिली. मातीत कुस्ती निकाली होईपर्यंत चाले. प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे हाच विजय. गादीवर वेळेची मर्यादा, गुण, पंच आणि वजनगट आले. मातीत पाय रुततो, गादीवर तो सटकतो. पकडीचा, पवित्र्याचा आणि दमाचा हिशेबच बदलतो. खाशाबा जाधव यांच्या पिढीला हा बदल फारशा साधनांवाचून आत्मसात करावा लागला.

राजाराम महाविद्यालयातील कारकीर्द

शालेय शिक्षण संपल्यावर जाधव यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८८० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय दक्षिण महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचे जुने केंद्र आहे. कुस्तीत बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

महाविद्यालयातील त्यांच्या पहिल्या स्पर्धेविषयी एक प्रसंग सांगितला जातो. वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी नाव द्यायला गेलेल्या या किरकोळ देहयष्टीच्या विद्यार्थ्याला क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. जाधव यांनी माघार न घेता थेट प्राचार्यांची भेट घेतली. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्यांनी आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांना हरवून स्पर्धा जिंकली. पुढील यशाने या प्रसंगाला आख्यायिकेचे रूप आले असले, तरी त्यातील दोन गोष्टी त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत पुन्हा पुन्हा दिसतात: आकारावरून होणारा गैरसमज आणि नकार मिळाल्यावर वरच्या पायरीवर जाऊन दाद मागण्याची वृत्ती.

आंतरमहाविद्यालयीन आणि पुढे राष्ट्रीय पातळीवरील कुस्त्यांत त्यांनी लौकिक मिळवला. कमी वजनाच्या गटांत बंगालचे निरंजन दास हे त्या काळातील आघाडीचे नाव होते. जाधव यांनी त्यांना पराभूत केल्यानंतर त्यांच्याकडे ऑलिंपिकचे संभाव्य खेळाडू म्हणून पाहिले जाऊ लागले. अभ्यासाकडेही त्यांनी दुर्लक्ष केले नाही. सकाळ-संध्याकाळ तालीम आणि मधल्या वेळेत वर्ग असा त्यांचा दिनक्रम असे.

लंडन ऑलिंपिक, १९४८

स्वातंत्र्यानंतर भारतीय पथक ज्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये उतरले, ती स्पर्धा म्हणजे १९४८ चे लंडन ऑलिंपिक. बावीस वर्षांचे खाशाबा जाधव त्या पथकात होते. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनमध्ये जाधव यांना प्रथमच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गादीवर लढावे लागले. तेथे अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी त्यांना प्रशिक्षण दिले. फ्लायवेट गटात जाधव यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना सुरुवातीच्या काही मिनिटांतच हरवले, त्यानंतर अमेरिकेच्या बिली जर्निगन यांच्यावरही मात केली. मात्र इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते पराभूत झाले आणि अंतिमतः सहाव्या स्थानी राहिले. या गटाचे सुवर्णपदक फिनलंडच्या लेनार्ट वीताला यांना मिळाले.

गादीचा सराव नसलेल्या मल्लाने पहिल्याच प्रयत्नात सहावे स्थान मिळवणे ही लक्षणीय गोष्ट होती. पदकापासून आपण किती दूर आहोत आणि ते अंतर कशाने भरून काढावे लागेल, याचा अंदाज या स्पर्धेने त्यांना दिला. भारतात परतल्यावर त्यांनी वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात लढण्याचा निर्णय घेतला आणि पुढील चार वर्षे मेहनतीचे प्रमाण वाढवले.

हेलसिंकीची पूर्वतयारी

निवडीचा वाद

१९५२ च्या ऑलिंपिकसाठी जाधव यांची निवड सुरळीत झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला आणि त्यामुळे निवड हुकली, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. क्रीडाप्रेमी असलेल्या महाराजांनी त्यांना निवड चाचणीत उतरण्याची संधी मिळवून दिली. चाचणीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून जाधव यांनी संघातील आपली जागा निश्चित केली.

निधीची उभारणी

निवड झाली तरी प्रवासखर्चाचा प्रश्न कायम होता. लंडनच्या वेळी पाठीशी उभे राहिलेले कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले होते, म्हणजे राजाश्रयाचा जुना आधार संपला होता. त्याची जागा घेईल अशी सरकारी क्रीडाव्यवस्था अद्याप उभी राहिलेली नव्हती. संस्थाने गेली आणि नवी यंत्रणा आली नाही, अशा या मधल्या काळात अनेक खेळाडूंची कुचंबणा झाली.

सरकारी पातळीवर पुरेशी मदत वेळेत न मिळाल्याने जाधव आणि त्यांच्या हितचिंतकांनी लोकवर्गणीचा मार्ग धरला. गोळेश्वर आणि कराड परिसरातील गावकरी, दुकानदार व मित्रमंडळींनी यथाशक्ती पैसे दिले. तरीही रक्कम अपुरी पडत होती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती आणि विद्यार्थी पदक जिंकेलच याची कोणतीही शाश्वती नव्हती. महाविद्यालयाच्या प्रमुखाने विद्यार्थ्याच्या खेळासाठी स्वतःचे घर पणाला लावण्याचे असे उदाहरण भारतीय क्रीडा इतिहासात विरळाच आहे.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

स्पर्धेची पद्धत

त्या काळातील ऑलिंपिक कुस्ती आजच्या बाद पद्धतीहून वेगळी होती. प्रत्येक लढतीनंतर मल्लाच्या खात्यात दंडगुण जमा होत. प्रतिस्पर्ध्याला चीत करणाऱ्याला दंडगुण नसे, गुणांवर जिंकणाऱ्याला थोडा दंड बसे आणि हरणाऱ्याला अधिक. ठरावीक मर्यादा गाठली की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. म्हणून केवळ जिंकणे पुरेसे नसे, ते कसे जिंकले यालाही महत्त्व होते. लढत चीत होऊन संपली नाही, तर तीन पंच कौल देत. '३–०' अशी नोंद म्हणजे तिन्ही पंचांचा एकमुखी कौल, तर '२–१' म्हणजे विभागलेला कौल.

लढती

मुक्त शैलीच्या कुस्त्या स्पर्धेच्या पहिल्या आठवड्यात झाल्या. बँटमवेट गटात जाधव यांच्या पाच लढतींचे निकाल पुढीलप्रमाणे:

– आद्रियाँ पोलिकँ (कॅनडा): विजयी, चीत
– लिओनार्दो बासुर्तो (मेक्सिको): विजयी, चीत
– फर्डिनांड श्मिट्झ (जर्मनी): विजयी, पंचांच्या कौलाने २–१
– शोहाची इशी (जपान): पराभूत, ०–३
– रशीद मम्मदबेयोव (सोव्हिएत संघ): पराभूत, ०–३

पहिल्या दोन्ही लढती चीतपटाने जिंकल्यामुळे जाधव यांच्या खात्यात दंडगुण जमा झाले नाहीत. श्मिट्झ यांच्याविरुद्धची लढत चुरशीची ठरली. पण तीपैकी दोन पंचांनी जाधव यांच्या बाजूने कौल दिला आणि पदकाच्या अंतिम फेरीत त्यांचे स्थान निश्चित झाले.

शेवटच्या दोन लढती

पदकविजेत्या तिघांत जाधव यांच्यासमोर जपानचे इशी आणि सोव्हिएत संघाचे मम्मदबेयोव हे दोन मल्ल होते. इशी मूळचे ज्युदोपटू. हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्यांनीच जिंकले. मम्मदबेयोव अझरबैजानचे असून सोव्हिएत संघ त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये सहभागी झाला होता.

इशी यांच्याविरुद्धची लढत दीर्घ आणि दमछाक करणारी झाली. ती संपल्यावर लगेचच जाधव यांना मम्मदबेयोव यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम असताना त्यांच्या वतीने तो मुद्दा मांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी हजर नव्हता, असे या लढतीच्या हकिकतीत सांगितले जाते. थकलेले जाधव ही लढत हरले. पुरेशी विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांत आजही चर्चिला जातो. त्याचे निश्चित उत्तर देता येत नाही. मात्र खेळाडूबरोबर जाणकार व्यवस्थापक असणे किती आवश्यक आहे, हे या घटनेतून दिसते.

२३ जुलै १९५२ रोजी जाधव यांचे कांस्यपदक निश्चित झाले. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६–१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. हेलसिंकीत भारताला मिळालेली पदके ही दोनच. हॉकी संघाचे कर्णधार कुंवर दिग्विजयसिंह 'बाबू' हेही 'के. डी.' याच आद्याक्षरांनी ओळखले जात, हा एक योगायोग. हॉकीच्या सुवर्णाची देशभर चर्चा झाली, तर जाधव यांच्या कांस्यपदकाला त्या मानाने मर्यादित प्रसिद्धी मिळाली.

याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एकाच भागातील दोन मल्लांनी एका ऑलिंपिकमध्ये तिसरे आणि चौथे स्थान मिळवणे हे त्या काळातील कोल्हापूरच्या तालमींच्या दर्जाचे निदर्शक आहे.

मायदेशी स्वागत आणि कर्जफेड

जाधव गावी परतले तेव्हा कराड रेल्वे स्थानकापासून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. ढोल, लेझीम आणि १५१ बैलगाड्यांच्या या मिरवणुकीला एरवी थोड्याच वेळात पार होणारे अंतर कापायला सुमारे सात तास लागले, असे सांगितले जाते. सरकारी सोहळ्याऐवजी गावकऱ्यांनीच हे स्वागत केले होते. ज्यांनी वर्गणी दिली होती तेच लोक या मिरवणुकीत पुढे होते.

स्वागतानंतर जाधव यांनी प्रथम हाती घेतलेले काम म्हणजे प्राचार्यांच्या घरावरील कर्जाची फेड. त्यासाठी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवण्यात आले. जाधव स्वतः त्यात लढले, नामांकित मल्लांना त्यांनी हरवले आणि मिळालेले पैसे खर्डेकर यांना देऊन त्यांचे घर सोडवले. ऑलिंपिक पदकविजेत्याने गुरूचे ऋण फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरणे ही घटना त्यांच्या चरित्रातील पदकाइतकीच महत्त्वाची मानली जाते.

कुस्तीची शैली

जाधव यांची कुस्ती चपळाईवर आधारलेली होती. पायांची जलद हालचाल, प्रतिस्पर्ध्याच्या जोराचा त्याच्याविरुद्धच उपयोग आणि क्षणात डाव बदलण्याची हातोटी ही तिची वैशिष्ट्ये. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. या डावात प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हाताचा वेढा घालून त्याला आपल्या अंगावरून फिरवून खाली आदळतात. वेळ अचूक साधली तर ढाकेने समोरचा मल्ल थेट पाठीवर येतो. वेळ चुकली तर डाव टाकणाराच अडचणीत सापडतो. म्हणून तो धाडसी डाव समजला जातो.

मातीतून आलेल्या अनेक मल्लांना गादीवर जाताना आपले डाव सोडून द्यावे लागले. जाधव यांनी त्यांपैकी गादीवर चालतील ते डाव निवडून नव्या नियमांना जुळवून घेतले. हेलसिंकीतील पहिल्या दोन लढती चीतपटाने संपल्या, यात मातीतील निकाली कुस्तीचा संस्कार दिसतो. पुढील काळात महाराष्ट्रातील तालमींमध्ये 'माती की गादी' हा वाद अनेकदा झाला. दोन्ही विद्या एकमेकींना पूरक ठरू शकतात, या बाजूने जाधव यांचे उदाहरण दिले जाते.

पोलीस दलातील सेवा

१९५५ साली जाधव मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलीस क्रीडास्पर्धांत त्यांनी विजय मिळवले आणि क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही जबाबदारी सांभाळली. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीला खीळ बसली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते खेळू शकले नाहीत.

पोलीस दलात त्यांनी २७ वर्षे सेवा केली. बराच काळ त्यांना बढती मिळाली नाही. अखेरीस ते साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. ऑलिंपिक पदक ही नोकरीत बढतीसाठी किंवा आर्थिक लाभासाठी ग्राह्य धरण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पदकविजेत्या खेळाडूंना रोख पारितोषिके, थेट नेमणुका आणि आगाऊ वेतनवाढी देणारी धोरणे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पुढे आली, त्यांचा लाभ जाधव यांच्या पिढीला मिळाला नाही.

१९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या हयातीत झालेला हा मोजक्या गौरवांपैकी एक होता.

निधन

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात खाशाबा जाधव यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. गोळेश्वर येथील त्यांचे घर 'ऑलिंपिक निवास' या नावाने ओळखले जाते.

पुरस्कार आणि सन्मान

जाधव यांना मिळालेले बहुतेक सन्मान मरणोत्तर आहेत.

– महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार, १९९२–९३ (मरणोत्तर).
– भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार, २००० (मरणोत्तर). हा पुरस्कार पदकानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने आणि मृत्यूनंतर सोळा वर्षांनी जाहीर झाला.
– दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने त्यांचे नाव देण्यात आले.
– १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीदिनी, गूगलने त्यांच्यावरील डूडल प्रसिद्ध केले.
– त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला.

पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. तो मरणोत्तर द्यावा, अशी मागणी कुटुंबीय आणि क्रीडाप्रेमींनी वेळोवेळी केली असून हा विषय न्यायालयापर्यंतही गेला. गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली होती. ते काम रखडल्याने २०१७ साली कुटुंबीयांनी संकुलाच्या निधीसाठी ऑलिंपिक पदकाचा लिलाव करण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

ऐतिहासिक स्थान

१९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. कलकत्त्यात जन्मलेल्या प्रिचर्ड यांची पदके भारताच्या नावावर धरावीत की ब्रिटनच्या, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. म्हणूनच जाधव यांचा उल्लेख 'स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते' असा नेमकेपणाने केला जातो.

त्यांच्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला ४४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीतील दुसरे पदक तर ५६ वर्षांनी, २००८ साली बीजिंग येथे सुशील कुमार यांनी जिंकले. त्यानंतर मात्र कुस्तीने भारताला सातत्याने पदके दिली: २०१२ मध्ये सुशील कुमार व योगेश्वर दत्त, २०१६ मध्ये साक्षी मलिक, टोकियो स्पर्धेत रवी कुमार दहिया व बजरंग पुनिया आणि २०२४ मध्ये अमन सेहरावत. यांपैकी दहिया आणि सेहरावत यांची पदके ५७ किलो वजनाच्याच गटातील आहेत.

महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी याहूनही अधिक काळ जावा लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. जाधव यांच्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला हे यश मिळाले, आणि तेही पुन्हा कोल्हापूरच्याच मातीतून. त्या निमित्ताने खाशाबा जाधव यांचे नाव नव्या पिढीपुढे पुन्हा आले.

साहित्य आणि चित्रपट

संजय दुधाणे यांनी जाधव यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी त्यांच्या जीवनावरील 'खाशाबा' या मराठी चित्रपटाची घोषणा २०२३ साली केली.

कारकिर्दीचा कालपट

– १९२६: गोळेश्वर येथे जन्म
– १९४०–४७: टिळक हायस्कूल, कराड येथे शिक्षण
– १९४८: लंडन ऑलिंपिक, फ्लायवेट गटात सहावे स्थान
– १९५२: हेलसिंकी ऑलिंपिक, बँटमवेट गटात कांस्यपदक
– १९५५: मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक
– १९८२: दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत सहभाग
– १९८४: अपघाती निधन
– १९९२–९३: शिवछत्रपती पुरस्कार (मरणोत्तर)
– २०००: अर्जुन पुरस्कार (मरणोत्तर)

हेही पाहा

– राजाराम महाविद्यालय, कोल्हापूर
– खासबाग मैदान
– राजर्षी शाहू महाराज
– १९५२ उन्हाळी ऑलिंपिक
– ऑलिंपिक खेळांत भारत
– स्वप्नील कुसाळे